सिडनी ब्रेनर : सूत्रकृमीच्या ३०२ चेतापेशी आणि आपली अक्कल

गोदाकाठ

डाळिंब किंवा हळद करणाऱ्या माणसापुढं सूत्रकृमीचं नाव काढा, त्याला मुळावरच्या गाठी आणि निंबोळी पेंडीची पोती आठवतात. त्याच भावकीतला एक जीव मात्र कुणाच्या मुळाला लागत नाही. कुजक्या पाल्यातले जिवाणू खाऊन राहतो. लांबी एक मिलिमीटर, अंग पारदर्शक, आणि अंड्यातून निघाल्यावर तीन-साडेतीन दिवसांत स्वतः अंडी घालायला मोकळा. नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. २००२, २००६, २००८ आणि २०२४ या चार सालांच्या नोबेलांत या किड्याचा हात आहे.

त्याला आनुवंशिकीच्या कामाला जुंपणारा माणूस म्हणजे सिडनी ब्रेनर. आमच्या बारावीच्या वर्गात वॉटसन-क्रिकवर तासच्या तास जातात, ब्रेनरचं नाव कुणी घेत नाही. म्हणून हा धागा.

जन्म १९२७, दक्षिण आफ्रिकेतलं जर्मिस्टन. वडील जोडे दुरुस्त करायचे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेजारच्या बाई टेबलावर कापडाऐवजी वर्तमानपत्र अंथरायच्या, त्यावरून हे पोरगं वाचायला शिकलं. पंधराव्या वर्षी मेडिकलला प्रवेश. पुढं परीक्षेत रुग्णाच्या तोंडाचा वास घेऊन निदान करायला सांगितलं, तर यानं टूथपेस्टचं नाव सांगितलं आणि नापास झाला. हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा.

१९५३ च्या एप्रिलमध्ये ऑक्सफर्डहून केंब्रिजला जाऊन त्यानं वॉटसन-क्रिकनं बांधलेली डीएनएची प्रतिकृती पाहिली आणि आयुष्याची दिशा तिथंच ठरली. १९६० च्या गुड फ्रायडेला केंब्रिजमध्ये क्रिक, फ्रान्स्वा जेकब आणि ब्रेनर गप्पा मारत बसले होते. जेकब पॅरिसचे प्रयोग सांगत होता. ऐकता ऐकता ब्रेनर आणि क्रिक ताडकन उठले. जनुकातला निरोप रायबोसोमपर्यंत (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) नेणारा एक अल्पायुषी रेणू असणार, हे त्यांना एकाच वेळी दिसलं. तोच मेसेंजर आरएनए.

दिसलं खरं, सिद्ध कसं करायचं? ब्रेनर आणि जेकब कॅलिफोर्नियाला मॅथ्यू मेसेल्सन या संशोधकाकडं गेले. प्रयोग फसत होते. सिझियम क्लोराइडच्या (घनतेनुसार रेणू वेगळे करायला वापरतात तो क्षार) दाट द्रावणात रायबोसोम फुटून जायचे. शेवटी वैतागून समुद्रकिनारी जाऊन बसले. तिथं ब्रेनर एकदम ओरडला, "मॅग्नेशियम!" रायबोसोमला बांधून ठेवणारं मॅग्नेशियम सिझियममुळं हटत होतं. भरपूर मॅग्नेशियम टाकलं, प्रयोग जमला. १९६१ साली 'नेचर'मध्ये छापून आला. त्याच साली क्रिकबरोबर जनुकाच्या तीन अक्षरांच्या सांकेतिक लिपीचाही (तीन अक्षरं मिळून प्रथिनाचा एक घटक ठरतो) पुरावा दिला.

इथं दुसरा कुणी असता तर त्याच गादीवर जन्मभर बसला असता. ब्रेनरनं १९६३ मध्ये केंब्रिजच्या आपल्या प्रयोगशाळेचा प्रमुख मॅक्स पेरुट्झ याला पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की रेणू जीवशास्त्राचे जुने प्रश्न सुटलेत किंवा दहा वर्षांत सुटतील, आता शरीर कसं घडतं आणि मज्जासंस्था कशी चालते तिकडं वळू. त्यासाठी असा प्राणी हवा, ज्याच्या साऱ्या पेशी मोजता येतील आणि जो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्यात मावेल.

तो प्राणी म्हणजे हाच किडा. पेशी मोजल्या. प्रौढ उभयलिंगी किड्यात शरीराच्या पेशी ९५९, त्यातल्या चेतापेशी ३०२. दर किड्यात तेवढ्याच. १९७४ च्या निबंधात ब्रेनरनं जवळपास १०० जनुकं मांडली, त्यातली ७७ अशी की बिघडली तर किड्याची चाल बिघडते. १९८६ मध्ये व्हाइट, साउथगेट, थॉमसन आणि ब्रेनर यांनी सगळ्या चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा छापला. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचा अख्खा अंक, ३४० पानं.

आता मुद्द्यावर येतो. नकाशा हाती आला, जनुकं हाती आली, १९९८ मध्ये पूर्ण जीनोमही वाचून झाला. तरी किडा उजवीकडं वळायचं का ठरवतो, हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही. ब्रेनरचं म्हणणं मला असं समजलं: जनुक वागणूक घडवत नाही. जनुक पेशी घडवतं, पेशींची जुळणी होते, त्या जुळणीतून वागणूक निघते. मधली पायरी गाळून "रागाचं जनुक", "बुद्धीचं जनुक" म्हणणाऱ्यांनी अजून काही समजावलेलं नाही.

काय वाटतं?

नीट_रिपीटर_लातूर

सर, हे नीटला येतं का?

गोदाकाठ

मेसेंजर आरएनए आणि तीन अक्षरांची लिपी येते. बाकीचं येत नाही, म्हणूनच इथं लिहायलोय.

बांधावरचा_नाना

सर लिहिलंय झकास, पण शेवटचं पटत नाही बगा. आमच्या जालन्याकडं निम्मं शिवार बियाण्यावर जगतंय. बीटी कपाशीत एक जनुक घातलं आन् बोंडअळी मरायली. मधी कोणती पायरी? एक जनुक, एक काम. मग बुद्धीचं जनुक का नसावं? खाण तशी माती. मास्तराचं पोरगं मास्तर होतं, सावकाराचं सावकार.

मोंढ्यातला

सावकाराच्या पोराला वडिलांकडून जनुकापेक्षा खतावणी जास्त मिळते नाना.

बालाघाटी

नाना, अख्खी नोकरी कपाशीच्या पैदाशीत केली मी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीटीचं जनुक एकच प्रथिन तयार करतं. अळीनं पान खाल्लं की ते तिच्या आतड्यात जाऊन चिकटतं, आतड्याला भोकं पडतात. इतका आखूड रस्ता असतो तेव्हा "एक जनुक, एक काम" शोभतं. पण तुमच्याच शेतात पुढं काय झालं? २००२ मध्ये एका जनुकाची बीटी आली, २००६ मध्ये दोन जनुकांची. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं दोन्ही पचवून बोंडं पोखरली. जनुक होतं तिथंच होतं. अळी बदलली, कपाशीचा हंगाम लांबत गेला, आणि नॉन-बीटीची पुडी (अळीला बीटी पचायला लागू नये म्हणून शेजारी लावायची साधी कपाशी) किती जणांनी बांधाकडेनं लावली हे तुम्ही मला सांगू नका.

आता बुद्धीचं. आनुवंशिकतेचा टक्का सांगतात ना, साठ टक्के, सत्तर टक्के, तो एका माणसाविषयी नसतोच. एका गटातल्या माणसामाणसांतल्या फरकाविषयी असतो. एकाच संकरित वाणाची पुडी निम्मी काळ्या भारी रानात ठिबकवर लावा, निम्मी मुरमाड माळावर कोरडवाहू. उताऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक पडेल आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ शून्य. उलट दहा वाण एकाच सारख्या रानात, सारख्या पाण्यावर लावा, फरक बहुतेक सगळा वाणाचा. कपाशी तीच, जनुकं तीच, टक्का मात्र बदलला. म्हणून दोन गटांची तुलना करताना हा टक्का कुणी तोंडावर फेकला, तर आधी विचारायचं, रान सारखं होतं का?

बुद्धीत आनुवंशिक वाटा नाहीच असं मी म्हणत नाही. आहे. पण तो हजारो जागी विखुरलेला आहे, एकेका जागेचा परिणाम कणभर. पैदासकाराला हे नवीन नाही, उताऱ्याचंही तसंच असतं. उताऱ्याचं एक जनुक विकायला आलेला माणूस आम्ही चहा पाजून परत पाठवायचो.

बांधावरचा_नाना

नॉन-बीटीच्या पुडीचं तेवढं सोडून द्या काका 😄 बाकीचं ध्यानात आलं. रान सारखं होतं का, हे विचारायचं.

गोदाकाठ

काका, भारी. याला एक पुरवणी जोडतो. त्या किड्याची प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजाराच्या आसपास आणि माणसाचीही वीस हजाराच्याच आसपास. जनुकांच्या मोजणीत अक्कल दडली असती, तर आपण आणि किडा एका बाकावर बसलो असतो. फरक पडतो तो कोणतं जनुक कधी, कुठं आणि किती वेळ चालतं यात. २०२४ चं नोबेल त्याचंच आहे. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना याच किड्यात सूक्ष्म आरएनए सापडले, जे दुसऱ्या जनुकांच्या निरोपाला लगाम घालतात.

रातपाळी

अंबाजोगाईहून. मानसोपचारात शिकायलेय, ड्युटी संपवून लिहितेय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मेंदूबद्दल सर थोडक्यात आवरते झालेत, तिथंच खरी मजा आहे. नकाशा असून वागणूक का सांगता येत नाही, याची काही कारणं आता कळलीत. एक म्हणजे नकाशात तारा दिसतात, तारेतून जाणाऱ्या निरोपाचा अर्थ दिसत नाही. एखादी जोडणी पुढच्या पेशीला चेतवते की दाबते, हे ३४० पानांत छापलेलं नाही. दुसरं, सिरोटोनिन, डोपामिनसारखी रसायनं जोडणीला धरून चालतच नाहीत. अंगभर पाझरतात आणि त्याच तारांचा सूर बदलतात. पोट भरलेला किडा आणि उपाशी किडा यांच्या तारा सारख्याच, पण अन्न दिसल्यावर दोघं वेगळे वागतात. उपाशी किडा अन्नावर आला की एकदम मंदावतो, आणि त्यात सिरोटोनिनचा हात आहे.

माझ्याकडं ओपीडीत आईवडील येतात आणि विचारतात, "डॉक्टर, स्कॅनमध्ये दिसंल का याला नेमकं काय झालंय?" स्कॅन नॉर्मल आला की त्यांना वाटतं पोरगं नाटक करतंय. ३०२ पेशींचा पूर्ण नकाशा असून किड्याचं मन वाचता येत नाही. माणसाच्या मेंदूत ८६ अब्ज चेतापेशी आहेत, म्हणजे ८,६०० कोटी, आणि एमआरआयला त्यातली एकही सुटी दिसत नाही. नॉर्मल स्कॅनचा अर्थ एवढाच, की गाठ नाही, रक्तस्राव नाही, मोठी इजा नाही. आजार नाही असा नव्हे.

मोंढ्यातला

हे ओपीडीच्या भिंतीवर लावा ताई.

अजिंठ्याची

मी औरंगाबादची (आता संभाजीनगर), सध्या पुण्यात प्रयोगशाळेत. रातपाळी ताईंशी सहमत, पण नकाशावर सगळेच एवढे का रुसलेत? नकाशा नसता तर ताईंनी सांगितलेली कारणंही कळली नसती. किड्याला डोक्याकडं हलकं शिवलं की तो मागं सरकतो. त्यामागच्या पेशी मार्टिन चाल्फी आणि ब्रेनरच्या इतर सहकाऱ्यांनी हा नकाशा पुढ्यात ठेवूनच एकेक लेसरनं जाळून शोधल्या. २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला, १,३९,००० हून जास्त चेतापेशी. नकाशा पुरेसा नाही हे कबूल. निरुपयोगी म्हणाल तर भांडण.

(फळमाशी म्हणजे आंब्याला लागणारी नव्हे नाना, केळं पिकलं की घोंघावतं ते बारीक चिलट.)

जाता जाता, या चिलटाचं एक भारतीय प्रकरण इथं यायलाच पाहिजे. ओबेद सिद्दीकी. भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेणू जीवशास्त्राचा विभाग उभा केला. सत्तरच्या दशकात सीमोर बेन्झर या अमेरिकन संशोधकाबरोबर अशी चिलटं अभ्यासली, जी तापमान वाढलं की लुळी पडायची आणि गार केलं की उठून चालायला लागायची. त्यातलं एक जनुक पुढं सोडियमच्या वाहिनीचं निघालं. चेतापेशीतून वीज जाते ती याच वाहिनीमुळं. म्हणजे "लुळं पडण्याचं जनुक" असं म्हणून ते थांबले नाहीत. जनुक, वाहिनी, विजेचा ठोका, मग पायाची हालचाल अशी साखळी जुळत गेली. गोदाकाठ सर म्हणतात ती मधली पायरी हीच. पुढं सिद्दीकींनी बंगळुरूला एनसीबीएस ही जीवशास्त्राची राष्ट्रीय संशोधन संस्था उभी केली.

नीट_रिपीटर_लातूर

मे महिन्यात लातूरला आमचंही तेच होतं. लाइट आली की उठतो.

बांधावरचा_नाना

😂😂

बालाघाटी

शोध कसे लागतात यावर ब्रेनरचं एक मत फार गाजलेलं आहे, सरांनी ते का गाळलं कळत नाही. विज्ञान पुढं जातं ते नवी तंत्रं, नवे शोध आणि नव्या कल्पना यांच्या जोरावर, आणि बहुधा याच क्रमानं. म्हणजे तंत्र आधी, कल्पना शेवटी! आपल्याकडं उलट समजतात. झाडाखाली बसावं, कल्पना सुचावी.

गोदाकाठ

गाळलं नाही काका, मला ते अर्धंच पटतं म्हणून टाळलं. तंत्र आधी असेल तर ज्याच्याकडं पैसा त्याचाच शोध. मग आमच्या तालुक्याच्या कॉलेजात, जिथं सूक्ष्मदर्शकाचा आरसा तीन वर्षांपासून फुटका आहे, तिथल्या पोरांनी काय करायचं?

अजिंठ्याची

सर, तो नकाशा कसा झाला ते बघा. किड्याचे हजारो काप, प्रत्येकाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो. काप पाडण्यात निकोल थॉमसनचा हात बसलेला. संगणकाकडून जोडण्या काढायचा प्रयत्न केला, त्या काळच्या यंत्राला ते झेपलं नाही. मग मोठे फोटो छापून जॉन व्हाइट आणि तंत्रज्ञ आयलीन साउथगेट यांनी रंगीत पेनांनी एकेक चेतातंतू या कापातून त्या कापात ओढत नेला. वर्षानुवर्षं. सूक्ष्मदर्शक महाग होता हे खरंच. पण काम उभं राहिलं ते बसकणीवर. जॉन सल्स्टननं तर किड्याच्या गर्भातली आणि पुढं वाढतानाची एकेक पेशी कशी विभागते ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, हातानं चित्रं काढून नोंदवलं. एकूण १,०९० पेशी जन्मतात आणि त्यातल्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात, हे त्यातून कळलं. त्या मरणाची जनुकं हॉर्व्हिट्झनं शोधली. २००२ चं नोबेल ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्व्हिट्झ या तिघांचं, ते यासाठीच.

रातपाळी

आणि पेशींचं ते ठरलेलं मरण कॅन्सरला जाऊन भिडतं. किड्यात पेशीला मरू न देणारं जे जनुक आहे, त्याचाच जुळा माणसात बीसीएल-२. तो अति चालला की जी पेशी मरायला हवी ती मरत नाही. त्याला अडवणारं औषध आज रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात. किड्याच्या १३१ पेशी मोजत बसलेल्या माणसाला त्या काळी कुणी विचारलं असेल, "याचा उपयोग काय?"

नीट_रिपीटर_लातूर

मला एक विचारायचंय, गमतीत नाही. ब्रेनर म्हणे अज्ञानाचं कौतुक करायचा, एखाद्या विषयात बाहेरून आलेला माणूस जास्त शोध लावतो म्हणून. आम्हाला इथं दिवसभर उलटं सांगतात. मागच्या प्रश्नपत्रिका तोंडपाठ करा, वेगळा विचार केला की मार्क गेले. मग आमचं काय होणार?

गोदाकाठ

प्रश्न चांगला आहे, आणि गोड उत्तर देणार नाही. ब्रेनर असं म्हणायचा हे खरं. जास्त माहिती असली की प्रयोग का जमणार नाही याची कारणंच आधी सुचतात, असा त्याचा रोख. पण अज्ञानाचं कौतुक त्याला परवडत होतं. मेडिकल, रसायन, जिवाणूंचे विषाणू हे सगळं पचवून तो किड्याकडं वळला. कोरी पाटी घेऊन नव्हे. लातूर पॅटर्नला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. ज्या घरात पहिल्यांदा कुणी डॉक्टर होतंय, त्या घराला पाठांतरानंच दार उघडून दिलंय. तक्रार एवढीच, की त्या दोन वर्षांत उत्तर ठरलेलं नाही असा एकही प्रश्न पोरांपुढं येत नाही. परीक्षा झाली की असा एखादा प्रश्न धर. तोवर एनसीईआरटी सोडू नको.

बालाघाटी

सर, फुटक्या आरशाचं रडगाणं मात्र मला मान्य नाही. आरसा बाजारात मिळतो. आणि सूत्रकृमी बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागत नाही. नरसाळं घ्या, खाली रबरी नळी आणि चिमटा लावा. चाळणीत पातळ फडकं किंवा टिश्यू पेपर, त्यावर ओंजळभर ओलसर माती. चाळणी नरसाळ्यावर ठेवून माती जेमतेम बुडेल एवढं पाणी. रात्रभर तसंच राहू द्या. सूत्रकृमी वळवळत पाण्यात उतरतात, त्यांना वर पोहता येत नाही, म्हणून नळीच्या तळाशी साचतात. सकाळी चिमटा सैल करून पहिले थेंब काचेच्या बशीत घ्या. किडे दिसायला चाळीसपट पुरतं, तोंड बघायला चारशेपट लावा. तोंडात सुई दिसली तर मुळं खाणारा असू शकतो, सुई नसून तोंड उघडं नळीसारखं असेल तर बहुतेक जिवाणू खाणारा, म्हणजे ब्रेनरच्या किड्याच्या जवळचा.

बांधावरचा_नाना

काका, माती कुठली घ्यावी? माझ्याकडं भेंडी हाय, मुळाला गाठी हायत. आन् उकिरड्याकडंला कुजका पाला पण हाय.

बालाघाटी

दोन्ही घ्या, पिशव्या वेगळ्या ठेवा. वरची दोन-तीन बोटं माती बाजूला सारून खालची, मुळाजवळची घ्या. उन्हात ठेवू नका, पिशवीत वाळली तर काही निघणार नाही. गाठीचं मूळही थोडं आणा.

गोदाकाठ

नाना, गुरुवारी परभणीला येणार असाल तर कॉलेजवर आणून द्या. आरसा तोवर बसवतो. रिपीटर, तुला फोटो टाकतो इथंच. सुई आहे की नाही, ते तू सांगायचं.